कॅमेरा कुठं ठेवायचा?

कॉलेजची फिल्म पाच मिनिटांची, भांडण रात्रभराचं. मी म्हणालो, गटारात उतरणारा माणूस वरून, रस्त्यावरून दाखवू. लोकांना दया येईल.

जोडीदार भडकला. त्याचा बाप सफाई कामगार. म्हनला, "लेका, वरनं तर समदं गाव बघतंय! दया कुनाला पायजे? कॅमेरा खाली ने."

२०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय गटारात उतरवणं बंद केलं. माणसं त्यानंतरही गुदमरून मेली. त्याच साली 'फँड्री'तल्या जब्यानं शेवटचा दगड थेट प्रेक्षकावर भिरकावला.

आम्ही मॅनहोलच्या तळातून बघणार. भोकाएवढं आभाळ. डोकावणारी तोंडं, नाकाला रुमाल. बापाचा चेहरा नाहीच, नुसता श्वास.

तो श्वास रेकॉर्ड करायला बापाला विचारायचं कसं, तिथं अडलोय.