ओकच्या कुरणातून चालताना



स्पेनच्या नैर्ऋत्येला, पोर्तुगालच्या सीमेला लागून, एस्त्रेमादुरा नावाचा प्रांत आहे. तिथल्या माळांवर जुनाट ओक एकमेकांपासून अंतर राखून उभे असतात आणि मधल्या गवतात गुरं, मेंढ्या नि काळी डुकरं चरतात. या कुरणांना तिकडे देहेसा म्हणतात. नवख्याला हे रानच वाटेल. पण पिढ्यान्‌पिढ्या झाडं विरळ करत, फांद्या छाटत, झुडपं काढत माणसानं सांभाळलेली ही जमीन आहे. ती सांभाळली पोटापाण्यासाठी. पाखरं आणि जनावरं तिथे आपणहून टिकली.

जायचं तर हिवाळ्यात जावं. तिकडे उन्हाळा कोरडा. पाऊस येतो तो थंडीच्या तोंडावर. करपलेलं गवत तेव्हा हिरवं होतं आणि ओकची फळं गळू लागतात. त्यांवर डुकरं पोसली जातात आणि त्याच फळांसाठी उत्तर युरोपातून हजारोंनी क्रौंच उतरतात. याच जातीचे क्रौंच हिवाळ्यात आपल्याकडे गुजरात-राजस्थानातही येतात.

पहाटे निघा, दोघं-तिघंच. कपडे मातकट असावेत आणि वारा समोरून यावा, म्हणजे आपला वास जनावरापर्यंत पोचत नाही. थोडं चालावं आणि एखाद्या बुंध्याला टेकून बराच वेळ बसावं. बहुतेकांना हे बसणंच जमत नाही! निळ्या पंखांचे, लांब शेपटीचे मॅगपाय, म्हणजे आपल्या टकाचोराचे भाऊबंद, थव्यानं कलकलत येतात. काही ओकांची खोडं खालून सोललेली, तांबूस दिसतात. बाटलीचं बूच त्यांच्याच सालीचं. साल साधारण नऊ वर्षांनी एकदा काढतात आणि कोणत्या वर्षी काढली त्याचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात.

आयबेरियन लिंक्स या ठिपकेदार रानमांजराची आशा धरून मात्र फिरू नका. २००२च्या सुमारास ही मांजरं शंभराच्याही खाली आली होती. २०२३पर्यंत दोन हजारांवर गेली. तरी ती दिसणं नशिबाचा भाग. त्यांचं मुख्य भक्ष्य म्हणजे ससे. ते दिसले तरी समाधान माना.

गिधाडांसाठी मात्र नशीब लागत नाही. मोनफ्राग्वे इथे, २००७ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या भागात, ताहो नदीवरच्या कड्यावर ग्रिफन गिधाडांची वसाहतच आहे. काळी गिधाडं झाडांवर घरटी करतात. दोघांचंही पोट बऱ्याच अंशी कुरणात मेलेल्या गुरामेंढ्यांवर चालतं. म्हणूनच गुरांना टोचलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोचतं. डायक्लोफिनॅक या अशाच एका औषधानं आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपवली, तेव्हा २००६ साली भारतानं गुरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. युरोपातली बहुतांश गिधाडं ज्या देशात आहेत, त्या स्पेननं २०१३ साली त्याच औषधाला गुरांसाठी परवानगी दिली. पुढे तिथे एक काळं गिधाड त्याच औषधानं मेल्याचं संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलं. आपल्याकडचा अनुभव डोळ्यांसमोर असताना घेतलेला हा निर्णय माझ्या मते निव्वळ बेफिकिरीचा होता.