आपण विषयाबाहेर काय वाचतो?

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासमंडळात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



आज मला जातीवर बोलायला बोलावलेलं नाही, याचा आधी आनंद व्यक्त करते. विषय दिलाय तो असा : आपल्या अभ्यासाच्या आणि नोकरीच्या बाहेरचं तुम्ही काय वाचता?

बायोडेटात 'छंद' असा रकाना असतो. आपण सगळे तिथे 'वाचन' लिहितो. मुलाखतीत कुणी विचारलं, "काय वाचता?", की आपण पुन्हा परीक्षेचीच पुस्तकं सांगतो. हसू नका, कारण साधं आहे. घरातली पहिली पदवीधर वाचते तेव्हा त्या वाचनावर घरच्यांची मजुरी लागलेली असते. एमपीएससी, नेट, बँक, प्रत्येक पानाचा हिशेब द्यायचा असतो. माझी आई कापूस वेचून यायची आणि मी पुस्तक घेऊन बसलेली दिसले की विचारायची, "हे पेपरात येतं का गं?" तिचं काय चुकलं?

दुसरी अडचण विद्यापीठात भेटते. मी समाजशास्त्रात पीएचडी करते, वसतिगृहातल्या मुलींच्या जगण्यावर. एकदा ग्रंथालयात जलविज्ञानाचं पुस्तक उघडून बसले होते. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ते उलटून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तुमच्याकडे तुमचाच विषय एवढा मोठा आहे." अगदी प्रेमाने म्हणाले, म्हणून जास्त लक्षात राहिलं. नदी, तारे, संगीत यांवर बाकीच्यांनी बोलायचं आणि आमच्या वाट्याला आम्हीच.

तर मी पाणी वाचते. पावसाळ्यात रोज संध्याकाळी धरणांचे साठे बघते, विसर्ग बघते, हवामान खात्याचा यलो आहे की ऑरेंज ते बघते. माझ्या प्रबंधात यातलं एक अक्षर जाणार नाही. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या २०८ किलोमीटर लांब डाव्या कालव्यावर. मामा पाटकरी होते. चारीतलं पाणी नुसतं बघून ते सांगायचे, हे टेलला पोचणार की नाही. टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. आमच्या गावात टेलला कुणाच्या जमिनी आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. वरच्या शेतांनी पाळी घेतली की खाली ओलावा येतो, पाणी येत नाही.

मामांना टीएमसी माहीत नव्हतं, मला चारी कळत नव्हती. मग आम्ही देवाणघेवाण केली. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. गुणाकार केला तर ११,५७४ क्युसेकने पाणी पूर्ण एक दिवस वाहिलं की एक टीएमसी होतं. हा एक आकडा पाठ केला आणि वर्तमानपत्रातली प्रत्येक बातमी उघडली. 'नाशिकमधून इतके हजार क्युसेक सोडले' हे वाचलं की जायकवाडीत किती भर पडेल हे मी मनात मांडते. त्या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. १५ ऑक्टोबरला तो ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र ठरलेलं आहे. म्हणून सप्टेंबरात नाशिक-नगर एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे, सगळे एकाच टक्केवारीकडे डोळे लावून बसतात. टेलवाल्याचं नाव मात्र या भांडणात कुठल्याच बाजूने निघत नाही.

पाणी वाचता वाचता मी दामोदर नदीपाशी पोचले. तिथे मला दोन माणसं भेटली, दोघंही आपापला विषय सोडून आलेली.

पहिले मेघनाद साहा. १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या शेवडातली गावात एका छोट्या दुकानदाराच्या घरी जन्म. जात भद्रलोकांच्या नजरेत खालची. कलकत्त्याच्या वसतिगृहात बरोबरीची मुलं त्यांच्या पंगतीला बसायला तयार नव्हती. वसतिगृहांवर काम करणाऱ्या मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. साहा गणिताचे विद्यार्थी. ताऱ्यांची गोडी त्यांना लागली ती अॅग्नेस क्लर्क या आयरिश बाईंच्या, सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून. या बाई कधी विद्यापीठात शिकल्या नव्हत्या. त्या वाचनातून १९२० मध्ये ते आयनीभवनाचं समीकरण आलं, ज्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशावरून तिथलं तापमान आणि द्रव्याची अवस्था वाचता येऊ लागली.

तेवढ्यावर साहा थांबले नाहीत. विद्यार्थी असताना १९१३ च्या दामोदरच्या पुरात मदतीला गेले होते, पुढे उत्तर बंगालच्या पुरातही. मग ते नद्यांवर लिहू लागले. खगोलशास्त्रज्ञाने बंधाऱ्यांवर का लिहावं, असं त्यांना कुणी विचारलं असेल का, देव जाणे. (माझ्या तोंडी देव आला, सवय आहे, सोडून द्या.) १९४३ मध्ये दामोदरने बांध फोडला, कलकत्त्याचे रेल्वे आणि रस्ते तुटले, चौकशी समिती बसली. तिच्यावर साहा होते.

दुसरे आपले बाबासाहेब. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि सिंचन-वीज त्याच खात्याकडे होती. अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस. १९४५ मध्ये कलकत्त्यातल्या दामोदर परिषदेत त्यांनी मांडलं की एकाच प्रकल्पातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि नौकानयन, सगळं साधलं पाहिजे. त्याच वर्षी कटकला ओरिसाच्या नद्यांवर बोलताना त्यांनी प्रश्नच उलटा केला : जास्त पाणी हे संकट नाही, ती संपत्ती आहे, नुसते बांध घालून तिला हाकलू नका, साठवा. हे बोलायला नदीची भाषा यावी लागते, आणि ती कोलंबियात किंवा ग्रेज इनमध्ये शिकवत नव्हते. सुखदेव थोरात यांनी बाबासाहेबांच्या या कामावर पुस्तक लिहिलं आहे. आपल्या जयंतीच्या पोस्टरांवर महाड असतं, संविधान असतं. दामोदर मी तरी कधी पाहिली नाही.

आणि इथे भक्तीत जाऊ नका. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं. तिलैया, कोनार, मैथन, पंचेत अशी चार धरणं महामंडळाने १९५३ ते १९५९ मध्ये बांधली. त्यांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत संथाळांची गावं होती. बाबासाहेबांचा हात लागलेली योजना आहे म्हणून त्या गावांचा प्रश्न मिटत नाही. हा प्रश्न विचारायलाही पाण्याचा हिशेब यावा लागतो, नाहीतर समोरचा इंजिनिअर दोन आकडे फेकतो आणि आपण गप्प बसतो.

बाकीचं थोडक्यात. रेल्वेची वेळापत्रकं मला आवडतात. कर्जतला गाडीला मागून जोडइंजिन का लावतात हे कुणालाही अर्धा तास ऐकवू शकते. जेवणावरचं वाचते. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आईला वाचून दाखवलं, तिने त्यातल्या दोन कृतींवर हरकत घेतली. क्रिकेटमधलं काही कळत नाही.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आला. फेलोशिप रखडली की मीही महिनाभर फक्त अर्ज आणि भाडं वाचते, तेव्हा साठा बघायचीही इच्छा नसते. एरवी रोज वीस मिनिटं, मोबाइलवर, मेसच्या रांगेत. एकच विषय धरते, त्यातले दहा शब्द नीट समजून घेते, आणि त्या कामात हात असलेला एक माणूस शोधते. तो माणूस बहुतेक वेळा आपल्याच नात्यात निघतो. गवंडी, पाटकरी, गँगमन, दाई. आपल्या घरांत हे ज्ञान भरून आहे, फक्त त्याला कुणी विषय म्हणत नाही.

सध्या मी कपिल भट्टाचार्य वाचायच्या प्रयत्नात आहे. हे बंगालचे अभियंते; दामोदरवर धरणं झाली तर खाली हुगळीत गाळ साचून कलकत्ता बंदर बुडेल, असं त्यांनी त्या काळातच सांगितलं होतं. बंगाली मला अजून अडखळतच येतं. तुमच्यापैकी कुणी कोलकात्यात शिकलं असेल तर चहाच्या वेळी मला गाठा.