फक्कीच्या रेषेबाहेरचे पालक

संध्याकाळी साडेपाचला आमच्या मैदानाच्या फाटकाशी स्कूटरची रांग लागते. मागच्या सीटवरून मूल उतरतं, पाण्याची बाटली गळ्यात अडकवतं आणि आत पळतं. आई किंवा वडील गाडी बंदही करत नाहीत. ‘सातला येतो,’ एवढं म्हणून कॉलेज रोडच्या दिशेने निघून जातात. कुणी थांबलंच, तर एका प्रश्नासाठी थांबतं : ‘सर, आमचा संघात कधी येणार?’

मी सर नाही. शिकवणारे सर वेगळे. मी नाशिकच्या एका लहानशा क्रीडा मंडळाचा चिटणीस. पावत्या फाडणं, फक्की मारणं, स्पर्धेचे अर्ज भरणं, ही माझी कामं. मुलगी खो-खो खेळायची म्हणून या मैदानावर आलो. ती खेळली, शिकली, नोकरीला लागली. मी मात्र इथेच राहिलो. आणि श्रोतेहो, पहिली दोन वर्षं त्या स्कूटरच्या रांगेत मीही होतो. आज जे सांगणार आहे ते फाटकाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

२०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. त्यानंतर आमच्याकडे नाव घालायला येणाऱ्यांची संख्या वाढली. असंच २०१०मध्ये झालं होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने त्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवलं आणि पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग यांच्या हाताखाली ती घडली. तेव्हा एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, ‘कविता राऊत व्हायला साधारण किती वर्षं लागतात?’ किती वर्षांची फी भरावी लागेल, असाच त्यांचा सूर होता.

हा फीचा हिशेब आधी मिटवू. गणिताच्या क्लासची फी भरली की आपलं कर्तव्य संपतं, तसंच मैदानाचं, असं पुष्कळांना वाटतं. पण आमच्यासारखी बहुतेक मंडळं म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेले न्यास असतात. दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचे, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज द्यायचा, आणि हे सगळं बिनपगारी. महिन्याच्या फीमधून फक्की, खांब, पाण्याचा टँकर, प्रथमोपचाराची पेटी, प्रवेश शुल्क आणि प्रशिक्षकांचं मानधन निघालं तर नशीब. वार्षिक सभेची नोटीस आम्ही साठ-सत्तर घरी पाठवतो. सभेला तीन पालक येतात, त्यांतले दोघे चुकून.

आणि कामं तर अशी, की त्यांना खेळातलं काहीही कळावं लागत नाही. थंडीच्या दिवसांत मैदानावर मांडव पडतो. मांडव निघाला की मागे खुंट्यांचे खड्डे राहतात, सुतळ्या राहतात, खिळे राहतात. आमची लहान मुलं मातीत अनवाणी खेळतात. मग सराव सुरू होण्याआधी कुणीतरी वाकून ते खिळे वेचायचे असतात. एका प्रशिक्षकाने चाळीस मुलांना शिकवायचं की खिळे वेचायचे?

आता जे पालक थांबतात त्यांच्याविषयी. थांबणं चांगलंच, पण रेषेबाहेर थांबून ते काय करतात, ते पाहण्यासारखं असतं. खो-खोत पाठलाग करणारा खेळाडू पाटीत बसलेला असतो. मागून हात लागून ‘खो’ कानावर पडल्याशिवाय त्याला उठता येत नाही. आधी उठला तर नियमभंग. उठून एक दिशा घेतली की खांब ओलांडल्याशिवाय उलट फिरता येत नाही. म्हणजे हा सगळा कानाचा खेळ आहे. त्यात बाबांचा आवाज येतो, ‘ऊठ, ऊठ!’ पोरगं उठतं. पंच शिट्टी वाजवतात. मग बाबा ओरडतात, ‘मागे फिर!’ ते मागे फिरतं, पुन्हा शिट्टी. सामना संपल्यावर हेच बाबा प्रशिक्षकांना विचारतात, की मुलांना नियम शिकवत नाही का!

हे काही आपल्याच गावाचं दुखणं नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला २००८मध्ये ‘रिस्पेक्ट’ नावाची मोहीमच काढावी लागली. मुलांच्या सामन्यात पालकांनी कुठे उभं राहायचं, यासाठी मैदानाच्या कडेला अडसर लावायची पद्धत त्यातून पुढे आली. आम्ही अडसर लावला नाही, तेवढे पैसे नाहीत. आम्ही फक्कीची दुसरी रेषा मारली, मैदानाच्या रेषेपासून दहा पावलं लांब. टाळ्या वाजवा, नाव घेऊन शाबासकी द्या, पण ऊठ-बस सांगायची नाही, असा नियम केला. पहिल्या दिवशी एक आजोबा रागावून घरी गेले. पुढच्या सामन्याला परत आले.

ओरडण्यापेक्षा मला घरी जातानाच्या रस्त्याची जास्त धास्ती वाटते. एका स्पर्धेत आमच्या मुली उपांत्य फेरीत हरल्या. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘काका, हरल्यावर मी तुमच्या गाडीवर घरी आले तर चालेल का?’ मला वाटलं, वडील मारत असतील. दुसऱ्या दिवशी त्यांना बाजूला घेतलं. अतिशय सज्जन माणूस. मुलीवर कधी आवाजही न चढवलेला. ते फक्त तिच्या चुका समजावून सांगायचे. मैदानापासून सिडकोपर्यंत, वीस मिनिटं, न थांबता. मागे बसलेल्या मुलीला त्यांचा चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. मी हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला वाटत होतं, तिला आवडतं.’ पुढे त्यांनी काय केलं, तर वाटेत भेळेच्या गाडीवर थांबायला सुरुवात केली. सामन्याचं बोलणं तिने काढलं तर, नाहीतर नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण द्यायला होकार दिला, त्या गोष्टीकडे येतो.

२००८ साल. जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी १४ वर्षांखालच्या मुलांचा संघ पाठवायचा होता. संघ बारा जणांचा, आमच्याकडे तयार मुलं तेरा. त्यांतला एक मुलगा अंगापिंडाने थोराड, ओठांवर मिसरूड. तो आदल्या वर्षी दुसऱ्या शाळेतून आला होता. वडिलांनी जन्मतारखेचा कागद आणून दिला, त्याप्रमाणे तो पावणेचौदाचा. पण जुन्या शाळेचं बोनाफाईड माझ्या फाइलमध्ये आधीपासून होतं. त्यावर तो पंधरा पूर्ण. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. आमच्या आईवडिलांच्या पिढीत अर्ध्या गावाची जन्मतारीख एक जून असायची, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच लिहून टाकायचे. हाही तसलाच घोळ असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला माहीत होतं. तो मुलगा असला तर आम्ही जिंकणार, हेही माहीत होतं. मी अर्ज भरला, सही केली. वडिलांनी कागद आणला हे खरं, पण खाली सही माझी होती. बाकीच्या पालकांपैकी निदान चौघांना हे ठाऊक होतं. सगळे गप्प बसले. आपापला मुलगा संघात होता ना!

तेरावा मुलगा बाहेर राहिला. बारीक अंगाचा, पंचवटीतून चालत यायचा. वडील भाजीची गाडी लावायचे, त्यामुळे ते कधी फाटकाशीही दिसले नाहीत. त्याच्या वतीने विचारणारं कुणी नव्हतं. त्या वर्षीचं हजेरीपुस्तक माझ्याकडे अजून आहे. संघ जाहीर झाल्यावर चार दिवस त्याच्या नावापुढे ‘ह’ आहे. पुढचे रकाने कोरे.

आम्ही जिल्ह्यात जिंकलो. विभागीय स्पर्धेत समोरच्या संघाने हरकत घेतली, कागद मागवले गेले आणि आमचा अख्खा संघ बाद झाला. बारा मुलं एसटीने परत आली. नाशिक येईपर्यंत कुणी बोललं नाही. त्या थोराड मुलाला बाकीच्यांनी नंतर काय काय ऐकवलं असेल, ते मला ऐकू आलं नाही, पण तोही दोन महिन्यांत यायचा बंद झाला. वरच्या वयोगटात त्याच्याएवढीच ताकद सगळ्यांकडे होती. ताकदीवर निभावत होतं म्हणून हुलकावणी, साखळी, खांबाभोवतीचं वळण यांतलं त्याने काही नीट घटवलंच नव्हतं.

पुढे २०१०मध्ये केंद्र सरकारने वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. क्रिकेटमध्ये मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढू लागले. २०१५च्या पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड याच विषयावर कळकळीने बोलले. पण एक्स-रे काढण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट घरात, जेवणाच्या ताटावर ठरते. त्यामागची ओढही समजून घ्यायला हवी. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. सातपूरच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या बापाला त्या कागदाची किंमत मी काय सांगणार? तरीही आज कुणी तसा कागद घेऊन आला, तर मी त्यांना ते हजेरीपुस्तक दाखवतो.

असाच दुसरा कागद म्हणजे प्रवेशाचा अर्ज. त्यात मुलाच्या आजाराचा रकाना असतो. तो बहुतेक जण ‘काही नाही’ लिहून मोकळा करतात. एप्रिलच्या उन्हात एक मुलगा सरावात कोसळला, हातपाय ताठ झाले. सर घाबरले, कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी कांदा आणा म्हणू लागलं. कशीबशी रिक्षा करून दवाखान्यात नेलं. तिथे आई आली आणि रडत म्हणाली, त्याला लहानपणापासून फिट येते, गोळ्या चालू आहेत. लिहिलं तर तुम्ही घेणार नाही म्हणून नाही लिहिलं. त्या माउलीला मी काय बोलणार! तो मुलगा डॉक्टरांच्या परवानगीने पुढे चार वर्षं खेळला. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, हे आता आमच्या मोठ्या मुलांनाही येतं. आधी सांगितलं असतं तर त्या दिवशीही आलं असतं.

मुलींबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. २०१२पासून पोक्सो कायदा आहे, तो मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे, आणि तो फक्त शाळेला नाही, मैदानालाही लागू आहे. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलं शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपतात. मुलींसोबत बाई व्यवस्थापक हवीच, आणि ती बहुधा कुणाची तरी आईच असते. ‘सर चांगले आहेत, आम्हाला विश्वास आहे,’ असं म्हणून आया घरी राहतात. सर चांगलेच आहेत. म्हणून तर त्यांना एकट्याला पाठवू नये; उद्या कुणी बोट दाखवलं तर त्यांच्या बाजूने सांगणारं माणूस नको का? आमच्याकडे आता नियम आहे : दोन मोठी माणसं असल्याशिवाय गाडी हलत नाही. गेल्या हंगामात एका स्पर्धेला आई मिळाली नाही, म्हणून मुलींचा संघ गेला नाही. मुली आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या स्पर्धेला तीन आया आल्या.

सध्या रविवारी सकाळी सात वाजता पालकांची पाळी असते. फाटकावर यादी लावतो, आडनावाच्या क्रमाने. मूल संघात आहे की नाही, याचा यादीशी संबंध नाही. त्यावरून वाद होतात. गेल्या रविवारी थंडी मरणाची होती, तरी सात जण आले. एक जण नवे होते, मुलगा येऊन जेमतेम महिना झालेला. फावडं हातात घेताना त्यांनी विचारलं, ‘आमचा तर अजून खेळतही नाही, नुसता पळतो. आम्हालाही का?’

मी म्हटलं, ‘तुम्ही त्या खांबापासून सुरुवात करा. तिकडे खड्डे जास्त आहेत.’