हंटर आणि त्यातली माणसे
(मंडळातील व्याख्यान)



जैसलमेरच्या युद्ध संग्रहालयात हंटर विमान उभे आहे. मी डिप्लोमावाला रेल्वेचा माणूस. आधी रिव्हेट आणि रंगच पाहिला. मुलाने विचारले, “बाबा, यात कोण बसायचं?” मी त्याला चार ३० मिलिमीटर तोफा समजावत बसलो!

नावे घरी, जयपूरला आल्यावर वाचली. ५ डिसेंबर १९७१. हंटरना रात्री हल्ला करता येत नसे, म्हणून मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या जवानांनी लोंगेवाला उजाडेपर्यंत धरून ठेवले. मग जैसलमेरहून हंटर आली आणि रणगाडे वाळूतच राहिले.

त्याच दिवशी आपले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे सुखोई-७ घेऊन पाकिस्तानात शोरकोटवर गेले, ते परतलेच नाहीत. पत्नी दमयंतीताई, राष्ट्रीय बॅडमिंटनपटू. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्या शोध घेत राहिल्या. बेपत्ता ५४ जणांच्या यादीत तांबे आहेत.

आपणही जुने वाफेचे इंजिन रंगवून स्टेशनबाहेर ठेवतो. ड्रायव्हर कोण, ते कुणी विचारत नाही.

मंडळाला विनंती, एका संध्याकाळी आरतीनंतर ती ५४ नावे मुलांकडून वाचून घ्यावीत. दहा मिनिटे लागतील.