आपल्या गावातल्या परमुलखी बायका

(रत्नागिरी येथे महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीला 'स्थलांतर आणि स्त्रिया' असा विषय दिला आहे. आपल्या जिल्ह्यात स्थलांतर म्हटलं की मुंबई आठवते. गिरणीत गेलेला नवरा, मनीऑर्डरची वाट बघणारी बायको, गणपतीला आणि शिमग्याला चार दिवस भरणारं घर. या बाईबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. आज मी दुसऱ्या टोकाकडून बोलणार आहे. जी बाई परमुलखातून आपल्याकडे आली तिनं इथं रोजचं जगणं कसं उभं केलं आणि तिच्या पदरात काय पडलं, ते बघू या.

रत्नागिरीत परदेशी कोण, असं तुमच्यातल्या काहीजणींच्या मनात आलं असेल. थिबा पॅलेस तर सगळ्यांनी बघितलाय. शाळेच्या सहली जातात, थिबा पॉइंटवरून सूर्यास्त बघतात. तिथं गाइड राजाबद्दल सांगतो: ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचलला, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवला, डिसेंबर १९१६ मध्ये तो इथंच वारला. मला मात्र राजापेक्षा त्याच्याबरोबर आलेल्या बायकांचं कुतूहल आहे. राणी सुपयालात, तिची धाकटी बहीण म्हणजे दुसरी राणी, मुली, दासी. राजा जाईल तिथं जायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं. हाच न्याय इंग्रजांनी उलट्या दिशेनंही केला होता. दिल्लीच्या बहादूरशहाला १८५८ मध्ये रंगूनला पाठवलं तेव्हा बेगम झीनत महल बरोबर गेली. रत्नागिरीत ब्रह्मी राण्या आल्या त्याच साली, १८८६ मध्ये, ती रंगूनला वारली.

राजाला चार मुली. थोरली इथं आली तेव्हा पाच वर्षांची होती. दुसरी तिच्याहून लहान. तिसरी वाटेत मद्रासला जन्मली आणि धाकटी १८८७ मध्ये इथं, रत्नागिरीत. म्हणजे थोरलीला मंडाले जेमतेम आठवत असेल, धाकट्या दोघींना आठवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना आपण 'ब्रह्मी राजकन्या' म्हणतो, पण त्यांनी डोळे उघडून पाहिलं ते इथलं. इथला चार महिन्यांचा पाऊस, जांभा दगड, खाडी, आणि घरात काम करणारी इथलीच माणसं. भाषा त्यांना या माणसांकडून आली. मोठ्यांचा दुभाष्या असेल, मुलांना दुभाष्या लागत नाही.

राणीचं काय? ज्या बाईच्या ताटात जन्मभर ङापी, म्हणजे त्यांच्याकडची मुरवलेल्या मासळीची चटणी, ती आपल्या सुकटी-जवळ्याच्या वासानं बिचकली नसेल असं आपलं मला वाटतं. भात, नारळ, मासळी, पान खाणं, यात दोन्ही मुलखांत फार अंतर नाही. परकेपण ताटात नव्हतं, फाटकात होतं. परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, कोण येतं-जातं त्यावर नजर, खर्चाला सरकारी तनखा. तो पुरेना म्हणून बरोबर आणलेली माणकं आणि दागिने एकेक करून विकले जाऊ लागले. आज आपण जो राजवाडा बघतो तो १९१० मध्ये झाला. त्याआधीची चोवीस वर्षं सगळी भाड्याच्या बंगल्यांतच गेली होती.

मुली वाढल्या. त्यांच्या लग्नाचं काय, यावर सरकार आणि राजा यांच्यात वर्षानुवर्षं कागद फिरले. राजाला तोलामोलाचं राजघराण्यातलं स्थळ हवं, सरकारला राजकीय डोकेदुखी नको. मुलींना काय हवं हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. १९०६ मध्ये थोरलीला मुलगी झाली. बाप होता वाड्याच्या फाटकावरचा नोकर, गोपाळ सावंत. तो आधीच लग्नाचा, घरी बायको-मुलं असलेला. मुलीचं नाव टुटू ठेवलं.

यावर आपल्याकडे एकतर प्रेमकथा म्हणून लिहिलं जातं, नाहीतर 'राजकन्येचा अधःपात' म्हणून. मला दोन्ही पटत नाही. पंचविशीतली एक बाई, तिच्या आयुष्यात फाटकाबाहेरचं एकच माणूस रोज दिसतं आणि ते फाटकावरच उभं असतं. यात प्रेम नव्हतं असं म्हणणारी मी कोण? पण निवड म्हणायला निदान दोन पर्याय तरी समोर हवेत.

राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणी ब्रह्मदेशात परतली. थोरलीही टुटूला घेऊन रंगूनला गेली. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. 'मायदेशी परतली' असं आपण सहज म्हणून जातो. त्यांतली तेहेतीस वर्षं तिनं रत्नागिरीत काढली होती. रंगूनमध्ये ती परकी होती आणि तिथं तिला तिच्या या मुलीसकट मान मिळण्याची शक्यता नव्हती. थोड्याच काळात ती मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली. १८८६ मध्ये तिला आणलं होतं. या वेळी ती आपल्या पायांनी आली. १९४७ मध्ये ती इथंच वारली.

पुढं टुटूचं लग्न इथल्याच शंकर पवार यांच्याशी झालं. ती मराठी बोलायची, नऊवारी नेसायची, चारचौघींसारखी गरिबीत संसार करायची. तिनं कागदाची फुलं केली, गोवऱ्या थापून विकल्या. ऑक्टोबर २००० मध्ये ती गेली. म्हणजे तुमच्यातल्या काही रत्नागिरीकर ज्येष्ठ मैत्रिणींनी तिला रस्त्यानं जाताना पाहिलं असेल. राजाच्या थडग्याला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष २०१२ मध्ये येऊन गेले. आजोबाच्या नात्यानं नातीकडे मात्र ना राज्य आलं, ना तनखा. आणि बापाच्या नात्यानं? बाप लग्नाचा, आई लग्नाविना. अशा मुलीच्या नात्याला गावात शब्द असतो, हक्क नसतो.

आम्ही एम. एस. डब्ल्यू. ला होतो तेव्हा परक्या समाजात गेलेल्या माणसाबद्दल 'समायोजन' हा शब्द शिकवायचे. भाषा आली, अन्न पचलं, सण कळले की समायोजन झालं. या मोजपट्टीनं टुटू शंभर टक्के समायोजित होती! तरीही तिच्या हाती काही नव्हतं. रुळणं वेगळं आणि हक्क लागणं वेगळं. हे मी आज का सांगते आहे, तर आपल्या आंब्याच्या बागांमध्ये हेच पुन्हा चाललं आहे म्हणून.

पावसाळा सरला की नेपाळी कुटुंबं आपल्याकडे यायला लागतात. पुष्कळशी नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यांतली. बागेत राखण, फवारणी, पुढं काढणी. काही पुरुष मिरकरवाड्याला ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागतात. बाप्याला आपण 'गुरखा' किंवा 'बहादूर' म्हणतो, नाव विचारत नाही. त्याच्या बायकोला तर तेवढंही नाही. ती 'गुरख्याची बायको'. करार गुरख्याशी, पैसे गुरख्याच्या हातात. पण वानरं हाकलायला, पाणी भरायला, फवारणीची पिंपं धुवायला, काढलेला आंबा निवडायला ती असतेच. तिची मजुरी वेगळी धरणारा बागायतदार मला अजून भेटायचा आहे.

या बायका रुळतात फार भराभर. एकीनं मला सांगितलं, आल्या आल्या मालकीणबाईंनी 'वहिनी' अशी हाक मारली आणि तिला भरून आलं. नेपाळीत 'बहिनी' म्हणजे धाकटी बहीण. तिला वाटलं, या परक्या गावात कुणीतरी आपल्याला धाकटी बहीण म्हटलं! मालकीणबाई आपल्या परीनं बरोबर, हीही बरोबर. असे गैरसमज जरूर व्हावेत.

एकीची हकिगत थोडी सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती नवऱ्याबरोबर बागेवर आली. दुसऱ्या हंगामात नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही. बागेवर एकट्या बाईला ठेवणार कोण? टेंपो चालवणारा इथलाच एक गडी तिला आधार देतो म्हणाला. त्याची बायको गावी. या दोघांना मुलगी झाली, घरीच झाली, जन्माची नोंद कुणी केली नाही. सहा वर्षांनी मुलीला शाळेत घालायला गेली तर बापाचं नाव, जन्माचा दाखला, आधार, सगळं मागितलं आणि परत पाठवलं. तोवर टेंपोवाल्यानं हात वर केले होते. आम्ही शाळेत गेलो तेव्हा ती मुलगी आमच्याशी अस्सल रत्नागिरीच्या बोलीत बोलत होती, आणि तिला प्रवेश न देणारे बाई 'ही नेपाळी आहे' असं आम्हाला समजावत होते.

कायदा काय म्हणतो ते बघू. भारत-नेपाळ तहानं, १९५० पासून, नेपाळी माणसाला इथं राहायला, काम करायला मोकळीक आहे. ती चोरून आलेली नाही, हे आधी स्वतःला आणि मग समोरच्याला सांगा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. घरी बाळंतपण झालं तरी जन्माची नोंद होते, उशिरानंही होते. आणि बापाचं नाव सांगायची आईवर सक्ती नाही: अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं आहे. आम्ही या क्रमानं गेलो. मुलगी शाळेत जाते.

आईचं मात्र अवघड आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा (२००५) 'कोणतीही स्त्री' म्हणतो, नागरिकत्व विचारत नाही, ही जमेची बाजू. त्यात 'विवाहासारखे संबंध' हेही येतात. पण पुरुष आधीच लग्नाचा असला तर? २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं असे संबंध त्यात बसवायला नकार दिला, आणि निकालात 'ठेवलेली बाई' या अर्थाचा शब्द वापरला. इंदिरा जयसिंग तेव्हा सरकारच्या विधिअधिकारी होत्या, त्यांनी कोर्टातच त्या शब्दाला हरकत घेतली. २०१३ मध्ये दुसऱ्या निकालात अशा बायकांचा विचार संसदेनं करावा असं न्यायालयानं सुचवलं. संसदेनं केलेला नाही. फाटकावरच्या नोकराकडे परतलेली राजकन्या आज आपल्या केंद्रात आली असती तर तिच्यासाठीही आपल्याला इथंच थांबावं लागलं असतं. मुलीच्या पोटगीचा दावा मात्र लावता येतो, कारण पोटगीच्या कायद्याला आईबापाच्या लग्नाशी देणंघेणं नाही. तो दावा आम्ही लावला आहे.

नेपाळात परत जा, असा सल्ला तिला पुष्कळजण देतात. तिथलं २०१५ चं संविधान बघा: बाप नेपाळी असेल तर मुलाला वंशानं नागरिकत्व. आई नेपाळी आणि बाप परदेशी असेल तर 'अंगीकृत', म्हणजे दुय्यम वाट. त्याविरुद्ध तिथल्या बायका लढत आहेत. आपल्या या मुलीला दोन्ही देशांत आधी एकच प्रश्न विचारला जाणार आहे: बाप कोण?

आता कामाचं. येत्या हंगामासाठी तीन-चारजणींनी मिळून एकेक रस्ता वाटून घ्यावा: पावसचा, गणपतीपुळ्याचा, निवळीकडचा. बागेवर गेलात की बाप्याशी नव्हे, बाईशी बोला. मालक समोर असताना ती बोलणार नाही, म्हणून विहिरीवर किंवा अंगणवाडीत गाठा. नाव विचारा, पूर्ण नाव, आईचं नाव, गावचा जिल्हा, आणि वहीत तिच्याच नावानं पान काढा, 'अमक्याची बायको' असं नको. गरोदर असेल तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा. तिच्याजवळ नेपाळची 'नागरिकता' असेल तर तिची झेरॉक्स तिच्याजवळ ठेवायला सांगा, नवऱ्याच्या पाकिटात नको. वह्या आम्ही छापून घेतल्या आहेत, जाताना टेबलावरून न्या. फवारणीच्या दिवसांत जाणार असाल तर तोंडाला बांधायला फडकं घेऊन जा, आणि एक जास्तीचं तिच्यासाठी.