चंचल बालक आणि औषधाची गोळी
(बार्शीटाकळी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच झाला. आम्हांस बोलावयाचे आहे ते या व्यासपीठावर कधीच न येणाऱ्या मुलांविषयी. “पोरगा हुशार आहे, पण ध्यान नाही,” असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्यांतील काहींना आळस नसून अवधानाच्या उणिवेचा विकार असतो. छडीने तो जात नाही.

त्यावर मेथिलफेनिडेट हे औषध मानसोपचारतज्ज्ञ तपासून देतात. या वर्गातील औषधाचा गुण १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांस दिसला. तीसपैकी चौदा मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. तथापि २०२२ साली प्रसिद्ध झालेला विल्यम पेल्हॅम प्रभृतींचा प्रयोग पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावा. १७३ मुलांना काही आठवडे औषध व काही आठवडे तशीच दिसणारी निर्गुण गोळी देऊन शिकविण्यात आले. औषध चालू असता मुलांनी मिनिटाला ३७ टक्के अधिक गणिते सोडविली. परंतु नवा धडा औषधाविनाही तितकाच कळला!

म्हणजे गोळी बूड टेकविते. गोडी लावणे घराकडे व गुरुजींकडेच राहते. वीस उदाहरणांऐवजी पाचच द्यावीत, आणि शाबासकी तत्क्षणी द्यावी. अशा मुलास संध्याकाळ फार दूर असते. औषध मात्र शेजाऱ्याच्या सल्ल्याने सुरू वा बंद करू नये. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाण्यात लाज कसली?

पुढील वर्षी सत्काराच्या यादीत, टक्केवारी न पाहता, स्वतःच्याच मागील गुणांपुढे गेलेल्या मुलांचीही नावे असावीत, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे.