आपल्या घराला किती तारे?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



माझा व्यवसाय एनर्जी ऑडिटचा. कारखान्यात, ऑफिसात जाऊन वीज कुठे आणि कशी खर्च होते ते मोजायचे आणि वाया जाणारी कशी वाचेल ते सांगायचे. समितीच्या मंडळींनी फर्मावले की कारखान्याचे पुरे, या वेळी घराबद्दल बोला. मलाही ते पटले. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरीनिमित्त पुणे, सांगली, बेळगाव, नागपूरकडून इथे आलो आणि इथलेच झालो. आयुष्यातली सर्वात मोठी खरेदी म्हणजे घर, तीही आपण याच शहरात केली किंवा करणार आहोत. पण ही खरेदी आपण कशी करतो पाहा. फ्रिज घेताना तारे मोजतो, गाडी घेताना मायलेज विचारतो. घर घेताना मात्र फरशी कोणती आणि क्लबहाऊस केव्हा होणार, एवढेच विचारतो. हे घर उन्हाळ्यात किती तापेल, हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

वास्तविक तो विचारण्याची सोय आता झाली आहे. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला आणि त्यातून 2002 साली ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, ही संस्था उभी राहिली. फ्रिज-एसीवरचे तारे तिचेच. 2023 पासून छताच्या पंख्यालाही ते सक्तीचे झाले. घरांसाठी याच संस्थेने डिसेंबर 2018 मध्ये 'इको निवास संहिता' आणली आणि 2019 मध्ये घरांना एक ते पाच तारे देण्याची ऐच्छिक योजना सुरू केली. त्याआधीही 'गृह' आणि आयजीबीसीची 'ग्रीन होम्स' ही मानांकने होतीच, पण त्यांत पाणी, कचरा, जागा असा सगळाच विचार होतो. आज मी फक्त ऊर्जेपुरते बोलतो. आपल्यातले जे कंपनीतर्फे इंग्लंडला राहून आले, त्यांना आठवत असेल की तिथे 2007 पासून घर विकताना ए ते जी अशा अक्षराचे ऊर्जा प्रमाणपत्र द्यावे लागते.

आता हे मोजतात कसे? सोपी रीत आधी सांगतो, ती आज घरी जाऊन करून बघा. मागच्या बारा बिलांतली युनिट्स मिळवा आणि घराच्या कार्पेट क्षेत्रफळाने, चौरस मीटरमध्ये, भागा. समजा, कार्पेट 1000 चौरस फूट, म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर, आणि वर्षाची युनिट्स 1860. भागाकार आला 20. म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाला 20 युनिट.

पण इथे एक मेख आहे. शेजारचा फ्लॅट वर्षभर कुलूपबंद असेल तर त्याचा आकडा शून्याजवळ येईल. मग ते घर पाच ताऱ्यांचे का? अर्थातच नाही. उलट ज्या घरी आजी-आजोबा दिवसभर असतात, त्या घराचा आकडा जास्त येणारच. हा आकडा घराबरोबर माणसांचेही मोजमाप करतो. म्हणून मानांकन देताना बिल पाहत नाहीत. माणसे ठराविक रीतीने राहतात असे धरतात आणि भिंती, खिडक्या, छप्पर, दिवे व एसी यांच्यावरून वर्षाची वीज काढतात. तीही दर चौरस मीटरलाच सांगतात. गाडीचे मायलेज कंपनीत एका ठरलेल्या चाचणीने काढतात, तसेच हे. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर किती जड, हा पुढचा प्रश्न!

भिंती-खिडक्यांसाठी संहितेत एक आकडा आहे. त्याचे नाव आरईटीव्ही. भिंतीतून आत येणारी उष्णता, काचेतून येणारी उष्णता आणि काचेतून थेट शिरणारे ऊन यांची बेरीज करायची आणि बाहेरच्या एकूण पृष्ठभागाने भागायचे. उत्तर चौरस मीटरला 15 वॉटच्या आत हवे. छपराचा हिशोब वेगळा. त्याचा यू-व्हॅल्यू, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जाणारी उष्णता, 1.2 वॉटपेक्षा जास्त नको.

आकडे ऐकून कंटाळू नका, कारण यातच सगळी गंमत आहे. आपल्या गावाकडच्या वाड्यांच्या भिंती जाड आणि घरे थंड. इथल्या जुन्या बंगल्यांना मंगलोरी कौले, उंच छत आणि खोल व्हरांडा. आज काय झाले? अनेक उंच इमारतींत भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. अशा भिंतीचा यू-व्हॅल्यू साडेतीनच्या आसपास जातो. नऊ इंची विटेच्या भिंतीचा सुमारे 2, आणि आठ इंची एएसी ब्लॉकचा, म्हणजे त्या हलक्या पांढुरक्या ठोकळ्यांचा, एकच्याही खाली. वरून रंग एकच, पण आतून चौपट फरक. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे दिसत नाही.

सर्वात वरच्या मजल्याची गोष्ट तर आणखी वेगळी. बंगळूर साधारण 13 अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, 24 एप्रिलच्या सुमारास आणि पुन्हा 18 ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टमध्ये ढग आपल्याला वाचवतात. एप्रिलमध्ये कोणी वाचवत नाही. 2016 साली या शहराचे तापमान 39.2 अंशांवर गेले, तो दिवसही 24 एप्रिलच! अशा दिवसांत भिंतीपेक्षा गच्ची जास्त तापते. ढोबळ हिशोब मांडू. शंभर चौरस मीटर उघडा स्लॅब, यू-व्हॅल्यू साडेतीन, आणि गच्ची खोलीपेक्षा 20 अंशांनी गरम. गुणाकार केला की येतात 7,000 वॉट. एवढी उष्णता बाहेर काढायला दोन टनांचा एसी लागतो. तीच गच्ची संहितेप्रमाणे 1.2 ची केली तर 2,400 वॉट. शिवाय काँक्रीट ऊन साठवून ठेवते. दुपारचे ऊन रात्री जेवणे झाल्यावर खोलीत उतरते. गावाहून आलेले आई-वडील अशा खोलीत झोपले तर त्यांना रात्रभर तळमळावे लागते. हा प्रश्न बिलापुरता नाही, तो त्यांच्या झोपेचा आणि तब्येतीचा आहे.

उपाय फार अवघड नाहीत. गच्चीवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या टाइल्स किंवा पांढरा परावर्तक रंग. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून छज्जा, चिक किंवा वेल. ऊन काचेच्या आत आले की ते आपलेच झाले, मग पडदा फारसे काही करू शकत नाही.

खिडक्यांबद्दल एक महत्त्वाचे. देशाचे जे हवामान-विभाग पाडले आहेत, त्यांत बंगळूर सौम्य विभागात येते. म्हणजे योग्य बांधलेल्या घराला इथे वर्षातले बहुतेक दिवस एसी लागूच नये. त्यासाठी वारा हवा. आपल्या विभागासाठी संहिता सांगते की उघडणारा भाग कार्पेटच्या निदान साडेबारा टक्के असावा. लक्षात घ्या, 'उघडणारा' म्हटले आहे. दोन सरकत्या काचांची खिडकी कितीही मोठी असली तरी वाऱ्याला अर्धीच मिळते.

आता आपल्या हातातल्या गोष्टी. वीस लिटर पाणी 22 अंशांवरून 42 वर न्यायला जवळजवळ अर्धे युनिट लागते. चौघांच्या अंघोळी म्हणजे रोज दोन युनिट, महिन्याला साठ. सौर बंब असेल तर यातले बहुतेक वाचतात. म्हणून गच्चीवर बंद पडलेला बंब आधी दुरुस्त करून घ्या. जुना पंखा सुमारे 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. आणि पाण्याला विसरू नका. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येते आणि जवळजवळ 500 मीटर उंच चढवावे लागते. पंपातला तोटा धरला तर दर हजार लिटरमागे अंदाजे दोन युनिट. म्हणजे गळका नळ हाही विजेचाच गळका नळ.

कोणी म्हणेल, 2023 पासून 'गृहज्योती'मुळे आमचे बिल शून्य येते, मग कशाला हा खटाटोप? पण महिना 200 युनिट ओलांडली की पूर्ण बिल भरावे लागते. आणि एप्रिलमधला एक एसी तेवढे काम सहज करतो.

शेवटी, जे घर घेणार आहेत त्यांनी बुकिंगची रक्कम देण्याआधी बिल्डरला चार प्रश्न लेखी विचारावेत. भिंत कशाची आणि तिचा यू-व्हॅल्यू किती? आरईटीव्ही 15 च्या आत आहे का? गच्चीवर उष्णतारोधक थर आहे का? खिडक्यांचा उघडणारा भाग किती टक्के? 2018 च्या संहितेने 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरचे प्रकल्प विचारात घेतले, आणि 2022 च्या कायदा-दुरुस्तीने निवासी इमारतींनाही ऊर्जा-नियमांच्या कक्षेत आणले. तेव्हा हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. एकट्याने विचारले तर बिल्डर हसेल. एकाच कंपनीतले दहा सहकारी एकाच प्रकल्पात विचारू लागले, तर तो आकडे शोधायला लागेल.

जे आधीच राहतात त्यांनी सोसायटीच्या पुढच्या सभेत एकच विषय मांडावा, गच्चीचा. खर्च सगळ्यांनी का द्यायचा, असा वाद होईल. गच्ची सगळ्यांची आहे आणि खाली झोपणारे म्हातारे कोणाचे ना कोणाचे आई-वडील आहेत, हे उत्तर मला पुरेसे वाटते.